नॅक, आयक्यूएसी आणि पुढचं वर्ष: मराठवाड्यातल्या महाविद्यालयांकडून नेहमी येणारे प्रश्न

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची, तारीख जवळ आली की कॉलेजात दोन खर्च ठरलेले असतात: रंगाचा आणि झेरॉक्सचा. मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, म्हणजे आयक्यूएसीचं, काम बरीच वर्षं बघितलं. नॅकच्या दोन सायकल, म्हणजे मूल्यांकनाच्या दोन फेऱ्या, अक्षरशः अंगावर काढल्या. त्यानंतर आजूबाजूच्या कॉलेजांतले समन्वयक फोन करून जे विचारत राहिले, ते इथे एकत्र केलं आहे. क्रम फोन आले तसाच.

संलग्नीकरण विद्यापीठाचं आहेच, मग नॅक वेगळं कशाला?

संलग्नीकरण ही अभ्यासक्रम चालवायची परवानगी आहे. विद्यापीठाची समिती येते, खोल्या, शिक्षक, ग्रंथालय बघते आणि जाते. नॅक अख्ख्या संस्थेचं काम तपासतं: शिकवणं, निकाल, संशोधन, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत, कारभार. नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, १९९४ मध्ये बंगळुरूला उभी केली. सुरुवातीला जो येईल त्याचं मूल्यांकन होत असे. पुढे यूजीसीच्या २०१२ च्या विनियमांनी ते बंधनकारक केलं.

मराठवाड्याच्या दृष्टीने बघितलं तर हा सगळा खेळ तसा नवाच. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ सुरू झालं आणि नॅकचा जन्मही त्याच वर्षातला. आमच्या एका निवृत्त प्राचार्यांना हे फार आवडायचं. "आपलं विद्यापीठ आन् नॅक जुळे आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत," असं ते म्हणायचे.

सात निकष कोणते आणि जोर कशावर द्यायचा?

अभ्यासक्रम; अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन; संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्य; पायाभूत सुविधा; विद्यार्थी साहाय्य व प्रगती; प्रशासन व नेतृत्व; संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम. २०१७ पासूनच्या सुधारित पद्धतीत एकूण गुण १००० आहेत. विद्यापीठाला संशोधनाच्या निकषावर २५० आणि अध्यापनावर २०० असतात. संलग्न पदवी महाविद्यालयाला हेच उलटं होतं: अध्यापनावर ३५०, संशोधनावर ११०.

हा आकडा मी समन्वयकांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपल्याकडची धडपड नेमकी उलटी असते. पदवीच्या कॉलेजात चर्चासत्रांचे फलक आणि आयएसबीएन क्रमांकाची पुस्तकं यांच्यामागे सगळे धावतात. ३५० गुण ज्या वर्गखोलीत आहेत, तिथल्या तासाची नोंद मात्र डेली डायरीत महिनाअखेरीला एका बैठकीत लिहिली जाते.

ग्रेड कशी ठरते?

चार गुणांच्या श्रेणीवर सरासरी काढतात. ३.५१ आणि त्यावर ए डबल प्लस, ३.२६ पासून ए प्लस, ३.०१ पासून ए, २.७६ पासून बी डबल प्लस, २.५१ पासून बी प्लस, २.०१ पासून बी, १.५१ पासून सी. १.५० किंवा त्याखाली आलात तर मानांकन मिळत नाही. मुदत साधारण पाच वर्षांची.

कागदपत्रं पाठवली की पुढे काय होतं?

आधी पात्रतेची माहिती, म्हणजे आयआयक्यूए. ती मान्य झाली की स्वयंअभ्यास अहवाल, एसएसआर. त्यातले आकड्यांचे निकष डीव्हीव्हीकडे, म्हणजे पडताळणीला जातात. समांतर विद्यार्थी समाधान सर्वेक्षण चालतं. पडताळणीनंतर आकड्यांच्या निकषांत किमान २५ टक्के गुण टिकले तरच तज्ज्ञांची समिती, आपल्या भाषेत पीअर टीम, येते. एकूण गुणांपैकी साधारण ७० टक्के आकड्यांवर असतात. म्हणजे पीअर टीमला शाल नि फेटा देऊन खूश करण्याच्या आधीच बरंचसं काम होऊन गेलेलं असतं.

डीव्हीव्ही कसं पकडतं, याचा एक नमुना जवळून बघितलेला. ग्रंथालयाच्या रोजच्या वापराचा पुरावा म्हणून आमच्याकडून सहीचं रजिस्टर स्कॅन करून गेलं. तीन महिन्यांची पानं. सगळी एकाच निळ्या पेनाची, सह्यांचे 'प' सगळे सारखेच वळलेले, आणि त्यात १५ ऑगस्टलाही ४२ वाचक. शंका आली, खुलासा मागितला, आम्ही खुलासा केला नाही, आकडा कमी झाला. ते रजिस्टर ज्याने रात्री बसून 'पूर्ण' केलं, तो मुलगा मला म्हणाला, "सर, मला सांगितलं भर म्हणून, मी भरलं. सुट्टीचं कुणी सांगितलंच नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. रजिस्टर जूनपासून दारात ठेवलं असतं तर भरायची वेळच आली नसती.

कोर्स आउटकम, त्याचं 'अटेनमेंट', हे सगळं खरंच कुणी वाचतं का?

तुम्ही स्वतः वाचलं तरच त्याचा उपयोग. एक उदाहरण घेऊ. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्रात एक आउटकम, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यावं याचं वाक्य, असा लिहिला: विद्यार्थ्याला द्रावणाची संहती काढता येईल. विभागाने आधीच ठरवलं की, या भागावरच्या प्रश्नात निम्मे गुण मिळवणारे किमान ६० टक्के विद्यार्थी हवेत. समजा वर्गात ४८ मुलं, प्रश्न दहा गुणांचा, आणि पाच किंवा जास्त गुण मिळाले १९ जणांना. म्हणजे ४० टक्केही नाहीत. आउटकम साध्य झाला नाही.

इथवरचं एक्सेल सगळेच करतात. बहुतेक ठिकाणी इथेच रंग भरतात, हिरवा-पिवळा-लाल, आणि फाईल बंद होते. खरं काम याच्या पुढचं. उत्तरपत्रिका काढा. २९ जण कुठे अडले ते बघा. माझ्या अनुभवात अशा ठिकाणी रसायनशास्त्र क्वचितच अडतं. अडतं ते गुणोत्तर-प्रमाण. प्रयोगशाळेत ब्युरेट नीट धरणारं लेकरू मिलीलिटरचं लिटर करताना गडबडतं. मग उपाय काय, तर हा धडा सुरू व्हायच्या आधी दोन तास फक्त गणित. अर्धा पानाचा ठराव विभागाच्या बैठकीत करायचा, तो पुढच्या वर्षीच्या अध्यापन नियोजनात तारखेसह दिसला पाहिजे, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा काढायचा. तो वाढला नाही तर तेही लिहायचं. सातत्याने सुधारणा असा जो शब्दप्रयोग प्रत्येक अहवालात असतो, तो प्रत्यक्षात एवढाच आहे: एक आकडा, एक कारण, एक बदल, पुन्हा तोच आकडा.

सगळ्या विषयांना हे एकदम लावू नका. प्रत्येक विभागाने वर्षाला दोन आउटकम मनापासून केले तरी पाच वर्षांत कॉलेज ओळखू येणार नाही.

आमच्या भागात दिवाळीनंतर वर्गच रिकामे होतात. हजेरी, निकाल, गळती सगळ्यातच मार बसतो. हे अहवालात लिहावं की लपवावं?

लिहावं. बीड, धाराशिव, जालन्याच्या काही तालुक्यांत हा प्रश्न प्रत्येक कॉलेजचा आहे. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुलं स्वतः कोयता धरतात. मुली घरी थांबतात, धाकट्या भावंडांचं आणि म्हाताऱ्यांचं बघतात, आणि कॉलेज सुटतं. हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती शाळकरी लेकरांसाठी.

नॅकचे आकडे तुम्हाला यातून सूट देणार नाहीत. उत्तीर्णतेची टक्केवारी ती टक्केवारीच. पण वर्णनात्मक भागात, संस्थेच्या परिस्थितीचं विश्लेषण करताना, हे सांगायला जागा आहे, आणि तिथे आपण 'ग्रामीण व मागास भागातील विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' असं काहीतरी लिहून मोकळे होतो. त्याऐवजी महिनावार हजेरी द्या. ऑगस्टमध्ये वर्गात किती, जानेवारीत किती. त्यातल्या किती जणांच्या घरचे तोडणीला गेले, हे मेंटॉर शिक्षकाला माहीत असतं. त्याला यादी करायला सांगा.

आणि मग काय केलं ते लिहा. ओळखीच्या एका कॉलेजने प्रात्यक्षिकं शक्य तेवढी जुलै ते ऑक्टोबरमध्ये पुढे ओढली आणि अंतर्गत मूल्यमापनाचा एक भाग दसऱ्याच्या आधी उरकला. मेंटॉरने दर पंधरा दिवसांनी फडावर फोन करायचा, एवढंच ठरवलं. फोनची वही होती, त्यात "ट्रॅक्टरवर आहे, रात्री करतो म्हणाला" अशा नोंदी. मी बघितलेल्या नॅकच्या सगळ्या कागदांत मला ती वही सर्वात खरी वाटली. तिला जिओटॅग फोटोची, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोची, गरज नव्हती.

विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात मुलं उत्तरच देत नाहीत. काय करावं?

नॅक थेट मुलांना ईमेल पाठवतं. महाविद्यालयासाठी एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो कमी असेल तेवढा प्रतिसाद लागतो. विद्यापीठाला १० टक्के किंवा ५००. तेवढा आला नाही तर त्या निकषाचे गुण हातचे जातात. अडचण साधी असते: प्रवेशाच्या वेळी नेटकॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. एकाच पत्त्यावर साठ मुलं. म्हणून जुलैतच ईमेल तपासून घ्या, मुलांकडून पासवर्ड आठवून घ्या.

मुलांना उत्तरं पढवू नका. सगळ्या मुलांनी सगळ्या प्रश्नांना 'पूर्ण सहमत' लिहिलं तर त्यातून तुम्हालाच काही कळत नाही.

फीडबॅक फॉर्म दरवर्षी घेतो, तरी पीअर टीमने 'फीडबॅकवर कार्यवाही दिसत नाही' असं लिहिलं. का?

कारण कार्यवाही नव्हती. कटू आहे, पण दहातल्या नऊ कॉलेजांत असंच असतं. विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे, सगळ्यांचे फॉर्म, पाय चार्ट, आणि शेवटी 'एकूण प्रतिसाद समाधानकारक'. मुली स्वच्छतागृहाबद्दल तीन वर्षं सलग एकच वाक्य लिहीत होत्या, असं आमच्याच फॉर्मांत नंतर सापडलं. पाय चार्टमध्ये ते 'इतर सूचना, ६ टक्के' या फोडीत गेलं होतं.

फॉर्मवरचे मोकळे रकाने एका माणसाने हाताने वाचायचे. मग महाविद्यालय विकास समितीपुढे तीन मागण्या ठेवायच्या, जास्त नाही. खर्चाची तरतूद झाली का, काम झालं का, हे पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात यायलाच हवं. आणि जे होणार नाही ते मुलांना फलकावर लिहून सांगायचं. "लिफ्ट होणार नाही, पण दिव्यांग विद्यार्थ्यांचे तास तळमजल्यावर घेतले जातील." असं एक वाक्य लागलं की पुढच्या वर्षी फॉर्म नीट भरून येतात.

उत्तम उपक्रम म्हणून काय दाखवावं? वृक्षारोपण चालेल का?

दरवर्षी त्याच खड्ड्यात लावलेलं नको. दोन उपक्रम मागतात, तर जिथे तुमचं गाव आणि तुमचं कॉलेज एकत्र येतं ते दाखवा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण हा उपक्रम शोभतो. मात्र पाइप आणि खड्डा दाखवून भागत नाही. कॉलेजच्या बोअरची पाणीपातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजा, भूगोल विभागाच्या मुलांकडून मोजून घ्या, वही ठेवा. पाच वर्षांची ती वही म्हणजे उपक्रम, पुरावा आणि प्रकल्प, तिन्ही एकात.

हे सगळं कॉलेजनेच करायचं? विद्यापीठाचं काय काम?

बरंच काम आहे, आणि कॉलेजवाल्यांची खरी तक्रार इथेच असते. संलग्न कॉलेज अभ्यासक्रम ठरवत नाही. तो अभ्यास मंडळ ठरवतं, विद्यापरिषद मंजूर करते. मुलांनी 'अभ्यासक्रमात काहीच नवं नाही' असं लिहिलं तर कॉलेज करणार काय? तो फीडबॅक एकत्र करून अभ्यास मंडळाच्या विषयपत्रिकेवर आला पाहिजे. तसा येतो तिथे फरक पडतो. बहुधा तो कॉलेजच्या कपाटात पडून राहतो.

निकालाचं वेळापत्रक हे दुसरं. आउटकमचं गणित प्रश्ननिहाय गुणांवर चालतं. निकाल उशिरा लागला आणि फक्त एकूण गुण मिळाले, तर विभागाने कारण शोधायचं कशातून? प्रश्ननिहाय गुण कॉलेजांना परत देण्याची सोय विद्यापीठाने केली, तर मी शंभर कार्यशाळांपेक्षा ती मोठी समजेन. तिसरं, शैक्षणिक लेखापरीक्षण. वर्षातून एकदा बाहेरचे दोन प्राध्यापक येऊन विभाग बघतात. हे शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांनी एकमेकांचं केलं की चहा-फराळ छान होतो, शेरे मिळमिळीत येतात.

विद्यापीठाचे स्वतःचे विभागही याच चाळणीतून जातात, आणि रिक्त पदं तिथेही आहेतच.

एनबीए, एनआयआरएफ आणि नॅक एकच का?

नाही. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळ, अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शाखांत एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देतं. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा, कायम सदस्य झाला, त्यामुळे त्याला बाहेरही वजन आहे. एनआयआरएफ ही संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, २०१६ पासूनची. परभणीच्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठासारख्यांचं मानांकन भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आहे.

निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना कसं मोजायचं?

मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, असं विचारतात. तासिकेवरच्यांना पूर्णवेळ दाखवण्याचा मोह आवरा, पगाराच्या नोंदीत ते लगेच उघडं पडतं. पण आयक्यूएसीच्या कामाला त्यांनाच जुंपलं जातं, हेही कुणीतरी लिहायला हवं. नव्वद टक्के एसएसआर ज्यांनी टाइप केला, त्यांना पीअर टीमच्या फोटोत मागच्या रांगेत उभं केलेलं मी पाहिलं आहे.

एजन्सी नेमली तर ग्रेड 'बसवून' देतात म्हणे. खरं का?

कागद लावून देणारे भरपूर आहेत. तुमच्या कॉलेजची गोष्ट मात्र त्यांना माहीत नसते, त्यामुळे एकाच एजन्सीच्या चार कॉलेजांच्या अहवालांत तेच परिच्छेद सापडतात. एकात तर दुसऱ्याच गावाचं नाव तसंच राहिलं होतं. 'बसवून' देण्याबद्दल म्हणाल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाच्या तपासणीत लाचेच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीतल्या मंडळींना अटक केली. त्या वाटेने जायचा विचार असेल तर मला फोन करू नका.

आता ग्रेड जाणार, बायनरी येणार, मग थांबावं का?

डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून जानेवारी २०२४ मध्ये नव्या पद्धतीची घोषणा झाली. आधी मान्यता आहे की नाही एवढंच ठरेल, आणि पुढे ज्यांना जायचं त्यांच्यासाठी एक ते पाच अशा पातळ्या. तारखा आणि तपशील नॅकच्या संकेतस्थळावरच्या सूचनांतूनच घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नको. पद्धत कुठलीही असो, वार्षिक गुणवत्ता अहवाल, एक्यूएआर, वेळेत भरत राहा. पाच वर्षांचे अहवाल एका मार्चमध्ये लिहायला घेतलेल्या समन्वयकाचे डोळे मी पाहिलेले आहेत.

ए वरून बी प्लसवर घसरलो. संस्थाचालक विचारतात, जबाबदार कोण?

जबाबदार शोधण्यात पहिला महिना जातो, हे नक्की. ग्रेड सुधारायला पुन्हा मूल्यांकन मागता येतं. आधीच्या पद्धतीत ते एक वर्षानंतर आणि तीन वर्षांच्या आत होतं. त्याआधी पीअर टीमचा अहवाल घ्या आणि शेवटच्या पानावरच्या शिफारशी प्राचार्यांच्या खोलीबाहेर चिकटवा, मोठ्या अक्षरात, कुणी काढणार नाही अशा उंचीवर. आमच्याकडे त्या चिकटवल्या तेव्हा आठ होत्या. प्रत्येकीपुढे एक नाव आणि एक महिना लिहिला. पहिल्या वर्षात तीन खोडल्या गेल्या. चौथी, 'ग्रंथालय सायंकाळी सुरू ठेवावे', शिपायाच्या पदाअभावी दोन वर्षं तशीच होती. शेवटी एम.ए.च्या दोन मुलांनी 'कमवा आणि शिका'मधून किल्ली मागितली. आता संध्याकाळी सहा ते आठ दिवा असतो, आणि रजिस्टरमध्ये सह्या तीन-चार वेगवेगळ्या पेनांच्या असतात.